लहान मालकी रानासाठी यांत्रिक करवतीची निवड

कोणतेही अवजार घेण्यापूर्वी ते कोणत्या कामासाठी हवे हे ठरवावे, आणि मग बाजाराची वाट धरावी, हा साधा नियम प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. नांगर घेताना आपण जमिनीचा मगदूर पाहतो, पंप घेताना विहिरीची खोली पाहतो. परंतु ज्या यंत्रास कारखानदार चेनसॉ म्हणतात व ज्यास आमच्या गावी सर्रास 'कटर' हे नाव पडले आहे, ते घेताना हा नियम पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. दुकानात जे यंत्र सर्वांत मोठे दिसते तेच उत्तम, अशी समजूत करून घेऊन लोक ते घरी आणतात. आम्हीही हीच चूक केली, आणि तिची किंमत आमच्यापेक्षा दुसऱ्यासच अधिक मोजावी लागली. तसा प्रसंग वाचकांपैकी कोणावर येऊ नये, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

तोडीचे रान म्हणजे काय

उसाचा खोडवा सर्वांच्या परिचयाचा आहे. ऊस तोडल्यावर जमिनीत राहिलेल्या बुडख्यास पुन्हा फुटवे येतात व नवी लागण न करता दुसरे पीक हाती लागते. कित्येक वृक्षांचेही तसेच आहे. झाड बुंध्याशी तोडले म्हणजे खुंटाच्या सालीखाली निजलेले डोळे जागे होतात, त्यांतून धुमारे निघतात, आणि जुन्या मुळांचे बळ आयतेच मिळाल्यामुळे ते रोपापेक्षा पुष्कळ वेगाने वाढतात. अशा रीतीने ठराविक वर्षांनी तोडून पुन्हा पुन्हा वाढविलेल्या रानास वनखात्याची माणसे 'कॉपिस' म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण-संगमेश्वराकडे मालकी रानांची तोड बहुतांशी ह्याच पद्धतीने चालते. ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा, साग ही झाडे खुंटापासून चांगली फुटतात. उलट सुरू किंवा बाभूळ तोडून फुटव्याची वाट पाहत बसणे बहुधा व्यर्थ होय.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. अशा रानात मालकाचे खरे भांडवल म्हणजे उभे लाकूड नव्हे, तर जमिनीतील खुंट होय. लाकूड हे व्याज आहे. जी करवत व्याज काढताना मुद्दल बुडवील, ती कितीही वेगाने चालली तरी आपल्या कामाची नव्हे.

आमचा अनुभव

आमच्याकडे वडिलोपार्जित सुमारे तीन एकर डोंगरउताराचे रान आहे. महसूल खात्यात कारकुनी करीत असेपर्यंत त्याची तोड आम्ही ठेकेदाराकडे सोपवीत असू. सहा वर्षांपूर्वी मुदतीआधीच निवृत्ती घेऊन गावी परतलो, तेव्हा रान स्वतः राखावे असे मनात आले. त्याप्रमाणे परवानगी काढून पुढल्या वर्षीच्या पौषात एका भागाची तोड धरली व त्यासाठी एक यंत्र घेतले. दुकानदाराने बावीस इंची पट्टीचे व अठ्ठावन घनसेंटिमीटर इंजिनाचे यंत्र पुढे ठेवले आणि ह्याहून लहान घेऊन काय कराल, असे विचारले. आम्हास उत्तर सुचले नाही. यंत्रासोबत माहितीपुस्तक होते, परंतु ते इंग्रजीत. आमचे शिक्षण मराठी शाळेतले. ते पुस्तक आम्ही कपाटात ठेवून दिले.

पहिल्याच दिवशी अडचण दिसू लागली. एका खुंटावर चार-पाच सोट जवळजवळ उभे असतात. त्यांच्या बेटात एवढी लांब पट्टी घालावी तरी कशी? कामावरील अनुभवी गडी सायंकाळी म्हणाला, "भाऊसाहेब, ह्या बेटात हा पाता मावत नाय. वरून कापला तर चालंल का?" आम्ही चालेल म्हटले. त्यामुळे खुंट कोठे गुडघ्याइतके तर कोठे मांडीइतके उंच राहिले. चौथ्या दिवशी तोच गडी एक सोट कापीत असता पट्टीचे टोक पलीकडच्या सोटास लागले, करवत निमिषार्धात उसळली आणि त्याच्या डाव्या गुडघ्यावर आली. यंत्रास उसळी रोखणारा ब्रेक होता, परंतु तो धुळीने व चिकट तेलाने घट्ट बसला होता. तो चालतो की नाही हे आम्ही विकत घेताना पाहिले नव्हते आणि नंतरही पाहिले नव्हते. दवाखान्याचा खर्च आम्ही केला. गडी वाचला, चालूही लागला; परंतु त्याचा गुडघा पूर्वीसारखा वाकत नाही आणि डोंगरावरील काम त्यास कायमचे सोडावे लागले.

उंच ठेवलेल्या खुंटांचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. पावसाळ्यात त्यांस धुमारे फुटले, व ते पाहून आम्हास बरे वाटले. परंतु ते धुमारे जमिनीलगत न येता खुंटाच्या वरच्या टोकाजवळ आले होते. अशा धुमाऱ्यास स्वतःची मुळे धरता येत नाहीत. तो जुन्या लाकडास नुसता चिकटलेला असतो. खुंट वरून कुजू लागला की त्याचा आधार जातो. दुसऱ्या वर्षीच्या वाऱ्यात त्यांपैकी कितीएक सालीसकट उकलून पडले. आमच्या आजोबांच्या वेळेपासून फुटत आलेले काही खुंट त्या एका तोडीत गेले.

एका अयोग्य यंत्रामुळे माणूस व खुंट ह्या दोहोंची हानी झाली, आणि दोहोंचे कारण एकच होते. पट्टी कामापेक्षा लांब होती व यंत्र माणसापेक्षा जड होते.

पहिली पायरी: रानाची नोंद

यंत्र निवडण्याचे काम दुकानात सुरू होत नाही, रानात सुरू होते. आमचा जन्म नोंदी करण्यात गेला असल्यामुळे दुसऱ्या खेपेस आम्ही तोच मार्ग धरला. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद असा चौकोन म्हणजे एक गुंठा. रानाच्या माथ्यावर एक, मध्यावर एक आणि पायथ्याशी एक असे तीन गुंठे दोरीने आखून घ्यावेत. त्यांतील प्रत्येक खुंटाची वहीत नोंद करावी. झाडाची जात, खुंटावरील सोटांची संख्या, प्रत्येक सोटाचा घेर, आणि तो तोडावयाचा की राखावयाचा, एवढे चार रकाने पुरेत.

घेर छातीच्या उंचीवर न मोजता जेथे करवत लावावयाची आहे तेथे, म्हणजे जमिनीपासून वीतभर उंचीवर मोजावा. घेरास ३.१४ ने भागले की जाडी मिळते. १२ इंच घेराचा सोट सुमारे पावणेचार इंच जाड असतो. १८ इंच घेराचा पावणेसहा. २४ इंच घेराचा साडेसातच्या थोडा वर. ३६ इंच घेराचा साडेअकरा. आणि ४८ इंच घेराचा सव्वापंधरा.

आमच्या वहीत बहुतेक सोट १२ ते २४ इंच घेराचे निघाले. ३६ इंचांवर घेर असलेली झाडे थोडी होती, आणि तीही बियांसाठी व सावलीसाठी राखावयाची होती. म्हणजे ज्या रानात आठ इंचांहून जाड लाकूड क्वचितच कापावयाचे, तेथे आम्ही बावीस इंची पट्टी नेली होती. ही वही आधी केली असती तर दुकानदाराच्या प्रश्नास आम्हास उत्तर देता आले असते.

नोंद करताना आणखी एक गोष्ट कळून येते. दोन-तीन इंचांहून बारीक सोटास यांत्रिक करवत लावूच नये. बारीक सोट साखळीबरोबर ओढला जातो, वाकतो आणि फटका मारतो. त्यास धारदार कोयता किंवा हातकरवत हेच योग्य अवजार. वहीत बारीक सोटच अधिक निघाले, तर यंत्राचा खर्च काही वर्षे पुढे ढकलता येतो.

पट्टीची लांबी

ज्या लोखंडी पट्टीभोवती साखळी फिरते तिला बाजारात 'बार' म्हणतात. नेहमीच्या लाकडाच्या जाडीपेक्षा बार थोडा लांब असावा, एवढेच पुरे. आमच्यासारख्या रानास १४ इंची बार योग्य. १६ इंचांच्या वर जाण्याचे कारण नाही. क्वचित एखादे जाड लाकूड आलेच तर दोन्ही बाजूंनी कापून, बारच्या लांबीपेक्षा जाड लाकूडही तोडता येते. मात्र ते काम अनुभवी माणसाचे.

आखूड बारचा मुख्य लाभ वजनाचा नसून सुरक्षिततेचा आहे. बारच्या टोकाचा जो वरचा पाव भाग, तो फिरत असता कोणत्याही वस्तूस लागला की दात पुढे न जाता तेथेच अडकतो, आणि साखळीचा सर्व वेग उलटून करवत चालविणाऱ्याकडे उसळते. मनुष्याचा हात आवरण्यापूर्वीच ही उसळी येऊन गेलेली असते. उघड्यावर एकटे उभे असलेले झाड तोडताना टोक मोकळ्या हवेत राहते. परंतु खुंटावरील बेटात पलीकडे दुसरा सोट हातभर अंतरावरच असतो. म्हणून तोडीच्या रानात लांब बार हा इतर ठिकाणापेक्षा अधिक घातक होतो. ही गोष्ट आम्हास कोणी सांगितली नाही. ती कपाटातल्या पुस्तकात चित्रासह दिली होती.

इंजिन आणि वजन

इंजिनाचा आकार घनसेंटिमीटरमध्ये सांगतात. १४ इंची बारसाठी ३० ते ४० घनसेंटिमीटरचे इंजिन पुरते. हा आकडा सिलिंडरच्या पोकळीचा आहे, ताकदीचा नव्हे. ताकद किलोवॅटमध्ये सांगतात. सुमारे दीड किलोवॅटचे यंत्र आपल्या रानात भरपूर काम देते. ज्या यंत्राच्या कागदावर किलोवॅट लिहिलेलेच नाहीत, त्याविषयी खरेदीदाराने सावध असावे.

खुंट जमिनीलगत कापावयाचा म्हणजे माणसाने दिवसभर वाकून वा गुडघा टेकून काम करावयाचे. लहान यंत्र बार व साखळीवाचून चार ते पाच किलोचे असते. मोठे यंत्र बार, साखळी, पेट्रोल व तेल धरून सहासात किलोंच्या घरात जाते. दुकानाच्या फळीवर ह्या फरकाचे काही वाटत नाही. उतारावर तिसऱ्या प्रहरी त्याची जाणीव होते. दमलेला माणूस वाकत नाही, आणि वाकला नाही की खुंट उंच राहतो. म्हणून यंत्र घेताना ज्यास ते चालवावयाचे आहे त्यास बरोबर न्यावे. बंद यंत्र दोन्ही मुठींनी धरून, वाकून, जमिनीपासून वीतभर उंचीवर पाच मिनिटे तोलावयास सांगावे. त्याचे हात काय सांगतात ते दुकानदाराच्या सांगण्यापेक्षा अधिक खरे.

ज्यांचे रान दहावीस गुंठ्यांचेच आहे त्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या करवतीचाही विचार करावा. तीत पेट्रोल मिसळण्याची दगदग नाही व आवाजही कमी. परंतु दिवसभराच्या कामास एक बॅटरी पुरत नाही, आणि रानात वीज नसते, हे विसरू नये. उसळीचा धोका तीतही तेवढाच असतो.

साखळी आणि कानस

पेट्रोलवर चालणारी यांत्रिक करवत जर्मनीत आंद्रेआस श्टिल ह्यांनी १९२९ साली केली. ती दोन माणसांनी धरावी लागे. एका माणसास चालविता येईल असे यंत्र त्यांच्याच कारखान्यातून १९५० साली निघाले. परंतु साखळीचे आजचे दात अमेरिकेतील जोसेफ बफर्ड कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याच्या निरीक्षणाचे फळ होय. लाकूड पोखरणारी एक अळी तोंडाने डावीउजवीकडे कशी कुरतडीत जाते, हे त्यांनी १९४६ साली पाहिले आणि त्या धर्तीवर एकाआड एक डावे-उजवे दात असलेली साखळी १९४७ साली बाजारात आणली. आपल्या यंत्राच्या साखळीकडे नीट पाहिल्यास हीच रचना दिसेल. दाताची धार गेली की तो लाकूड कुरतडीत नाही, नुसता घासतो.

म्हणून यंत्राबरोबर त्याच्या साखळीस जुळणारी गोल कानस घ्यावीच. लहान यंत्रांवर बहुधा तीन-अष्टमांश इंच मापाची हलकी साखळी असते. तिला ४ मिलिमीटरची कानस लागते. ०.३२५ इंच मापाच्या साखळीस ४.८ मिलिमीटरची लागते. दुसऱ्या मापाची कानस लावल्यास दाताचा आकार बिघडतो. बहुतेक साखळ्यांत दाताच्या माथ्यावर जी तिरपी खूण असते ती तीस अंशांची. तिच्या रेषेत, आतून बाहेर, प्रत्येक दातावर सारख्याच संख्येने कानस ओढावी. चार-पाच वेळा धार लावल्यावर दातापुढील उंचवटाही माहितीपुस्तकात दिलेल्या मापाइतका सपाट कानसेने उतरवावा लागतो. मात्र तो मापाखाली उतरविल्यास करवत लाकडात झेप घेते व उसळी वाढते.

धार आहे की नाही हे कशावरून ओळखावे? धारदार साखळीतून लाकडाच्या जाड ढलप्या पडतात. ढलप्यांऐवजी भुसा पडू लागला, किंवा यंत्र दाबावे लागले, की थांबून कानस लावावी. आमच्याकडील जांभ्या दगडाचा एक ओझरता स्पर्शही धार घालविण्यास पुरेसा होतो. ह्यासाठी करवत लावण्यापूर्वी खुंटाभोवतीची माती, पाने व खडे कुदळीने दूर करावेत. पेट्रोलची टाकी भरताना प्रत्येक वेळी धार पाहावी, असा नियम आम्ही केला आहे.

दुकानात काय तपासावे

पुढच्या मुठीसमोर जो आडोसा असतो तो पुढे ढकलला की साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. हाच उसळीचा ब्रेक. तो दुकानात दहा वेळा लावून सोडून पाहावा. मागच्या मुठीवरील खटका दाबल्यावाचून वेग वाढता कामा नये. साखळी तुटल्यास तिला अडविणारा आकडा खालच्या बाजूस असावा. मुठी व इंजिन ह्यांच्यामध्ये स्प्रिंग वा रबर असावे, नाही तर दिवसाअखेर बोटे बधिर होतात. यंत्र मंद चालत असता साखळी फिरता कामा नये. मग बारचे टोक पांढऱ्या कागदावर थोड्या अंतराने धरून वेग द्यावा. तेलाचा शिंतोड्यांचा पट्टा उमटला तर तेलपंप चालतो असे समजावे. शेवटी, साखळी, प्लग व फिल्टर आपल्या तालुक्याच्या गावी मिळतात काय, याची चौकशी करावी. ज्याचे सुटे भाग मुंबईहून मागवावे लागतात ते यंत्र ऐन तोडीच्या दिवसांत बंद पडून राहते. आम्ही येथे कोणत्याही कारखान्याची शिफारस मुद्दामच करीत नाही. वरील परीक्षेस उतरेल ते यंत्र घ्यावे.

यंत्राच्या किमतीतच अंगावरील साहित्याचा खर्च धरावा. करवतीसाठीच्या विजारीत पुढील बाजूस लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागताच ते धागे ओढले जाऊन चाकात गुंततात व साखळी थांबते. जाळीचे शिरस्त्राण, कानांवरील टोप्या आणि पुढे कठीण टोपण असलेले बूट हेही हवेत. पेट्रोल-करवतीचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. आमच्या गड्याच्या पायात त्या दिवशी चपला होत्या व अंगात आखूड चड्डी होती. उकाड्यात जाड विजार नको वाटते हे खरे, परंतु त्यावर उपाय म्हणजे सकाळी लवकर काम धरणे व दुपारी थांबणे, विजार काढणे नव्हे.

पेट्रोल व तेल

हे इंजिन द्विघाती असल्याने पेट्रोलमध्ये त्याचे विशिष्ट तेल मिसळावे लागते. माहितीपुस्तकात पन्नासास एक असे प्रमाण असल्यास एका लिटरला २० मिलिलिटर तेल घ्यावे. पंचवीसास एक असल्यास ४० मिलिलिटर. अंदाजाने मिसळू नये, माप ठेवावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते हवेतील पाणी ओढते. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि पावसाळ्यासाठी यंत्र ठेवताना टाकी रिकामी करावी. साखळीसाठी वेगळी टाकी असते. तीत गाडीचे जळके तेल घालण्याची चाल आहे, ती सोडावी. त्या तेलातील बारीक कचरा पंप झिजवितो, आणि ते सर्व तेल अखेर आपल्याच रानातील मातीत जाते.

खुंट कसा कापावा

योग्य यंत्र हाती आले तरी ते योग्य तऱ्हेने न लावल्यास मुद्दल वाचत नाही. तोड दिवाळीनंतर पाने गळू लागल्यावर धरावी व नवी पालवी येण्यापूर्वी संपवावी. बेटातील बाहेरचा सोट आधी घ्यावा व आत आत जावे, म्हणजे टोकास मोकळी जागा मिळते. ज्या बाजूस पाडावयाचे त्या बाजूस जाडीच्या चौथाईइतकी खाच आधी घ्यावी, मग मागून कापीत यावे आणि मध्ये थोडे लाकूड बिजागरीप्रमाणे राखावे. खाच न घेता झुकलेला सोट एकदम मागून कापल्यास तो उभा चिरत जातो. चालविणाऱ्याच्या तोंडावर येतो तो निराळा, आणि खुंटाची सालही मुळापर्यंत फाटते. जागा अडचणीची असल्यास प्रथम सोयीच्या उंचीवर कापावे व सोट बाजूला केल्यावर खुंट पुन्हा खाली कापून घ्यावा. अखेरचा काप जमिनीपासून वीतभराच्या आत, गुळगुळीत व किंचित उतरता असावा, म्हणजे पावसाचे पाणी वर साचत नाही. साल खुंटास घट्ट राहिली पाहिजे. त्यानंतर दोन पावसाळे गुरे आत जाऊ देऊ नयेत, आणि धुमारे डोक्याएवढे झाल्यावर प्रत्येक खुंटावर जमिनीलगतचे जोमदार दोनतीन राखून बाकीचे कोयत्याने काढावेत.

सामाईक खरेदी व सरकारी परवानगी

दोनतीन एकरांचे रान दरवर्षी तोडले जात नाही. त्यामुळे चार-पाच जणांनी मिळून एक यंत्र घेणे हिशेबास सोयीचे पडते. परंतु 'बारभाईची शेती, काय लागेल हाती' असे होऊ द्यावयाचे नसेल, तर यंत्र सर्वांचे असले तरी कानस एकाच्याच हाती असावी. धार, ब्रेक व तेल तपासून नोंद केल्यावाचून यंत्र कोणास देऊ नये, आणि ज्याने ते चालविण्याचे शिक्षण घेतले आहे त्याच्याच हाती द्यावे.

यंत्र वेगवान असल्यामुळे चूकही वेगाने होते, हे कायद्याच्या बाबतीतही खरे आहे. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ ह्याच्या अनुसूचीत ऐन, किंजळ, जांभूळ, साग, खैर, आंबा, फणस, हिरडा ही झाडे आहेत. आपल्या मालकीच्या जमिनीतही ती तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. ताजा सातबारा काढून 'इतर हक्क' हा रकाना वाचावा, सहहिस्सेदारांची संमती लेखी घ्यावी, आणि वाहतुकीच्या परवान्याची चौकशी तोडीपूर्वीच करावी. आमच्या नोकरीत असे अनेक अर्जदार पाहिले की ज्यांचे लाकूड रास्त असूनही कागदावाचून पावसात कुजले.

असो. गतवर्षी आम्ही रानाचा दुसरा भाग तोडीस घेतला. वही तयार होती. यंत्र आणावयास गेलो तेव्हा त्याच गड्यास बरोबर नेले. त्याने तीन यंत्रे वाकून तोलून पाहिली, ब्रेक लावून सोडून पाहिले, आणि १४ इंची बारचे एक निवडले. तोड चालू असता तो रानाच्या पायथ्याशी सावलीत बसून साखळ्यांस कानस लावीत असे. धार नसलेली साखळी त्याने एकदाही वर जाऊ दिली नाही. त्याची मजुरी आम्ही करवत चालविणाऱ्याइतकीच ठेवली आहे. यंदा पावसाळ्यानंतर त्या भागातील खुंट मोजले, तेव्हा बहुतेकांस जमिनीलगत धुमारे आलेले दिसले. पहिल्या भागातील रिकाम्या जागी आता रोपे लावावी लागत आहेत, आणि ती तोडीस येईपर्यंत पुष्कळ वर्षे जातील. ज्या सभासदांस यंदा यंत्र घ्यावयाचे आहे त्यांनी आधी दोरी व वही घेऊन आपल्या रानात एक दिवस घालवावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.